मोडी रुमालांतले लाल आकाश

४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी सूर्य मावळल्यावर मुंबईच्या आकाशात एक अनोळखी उजेड दिसू लागला. रात्रभर त्याचे रंग पालटत राहिले, पहाटे तीनच्या सुमारास तो गडद जांभळा झाला आणि उजाडेपर्यंत टिकला, अशी बातमी टाइम्स ऑफ इंडियाने तेव्हा छापली होती. समुद्राखालच्या तारेवर आणि सरकारी तारायंत्रांवरही त्याचा परिणाम झाला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच वेळी पृथ्वीच्या चुंबकत्वात प्रचंड उलथापालथ नोंदली गेली. हा ध्रुवीय प्रकाश होता, ज्याला जग ऑरोरा म्हणते. मुंबईवरून दिसलेला हा प्रकाश तिच्याहून उत्तरेला असलेल्या नाशिकच्या आकाशातही त्या रात्री असणारच. मग तो आपल्या कागदांत कुठे आहे, हा प्रश्न आपण गांभीर्याने विचारला पाहिजे. माझे म्हणणे असे, की महाराष्ट्रातल्या मोडी दफ्तरांचा, शकावल्यांचा आणि जुन्या वृत्तपत्रांचा आकाशाच्या नोंदींसाठी पद्धतशीर धांडोळा घेणे हे हौशी काम मानू नये. ते विज्ञानाचे काम आहे.

ऑरोरा सौरवादळांमुळे दिसतो, आणि सूर्याचा स्वभाव कळायला काही दशकांची माहिती पुरत नाही. मोठी सौरवादळे शतकात एखाद-दुसरीच येतात आणि उपग्रहांचे युग तर अजून शंभर वर्षांचेही नाही. जुन्या नोंदीची किंमत काय असते हे कुलाब्यानेच दाखवले आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या वादळात तिथल्या निरीक्षकांनी दुर्बिणीतून मोजपट्टी वाचत हाताने आकडे लिहून ठेवले. चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाल्याचे त्या आकड्यांत आहे. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी ते नव्याने अभ्यासले, तेव्हा कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वादळाची तीव्रता ठरवायला जगाला मुंबईचा कागद उपयोगी पडला. पण कुलाब्यातल्या चुंबकीय नोंदी १८४० च्या दशकात सुरू होतात. त्याआधीचे काय? झाडांच्या वर्तुळांतला कार्बन-१४ इसवी सन ७७४-७५ सारखे महाभयंकर सौरस्फोट दाखवतो, पण वर्ष सांगतो, रात्र सांगत नाही. १८५९ च्या वादळाचा तर त्याच्यात स्पष्ट ठसाच सापडत नाही. ती उणीव माणसाने डोळ्यांनी पाहून लिहिलेली, तारीख घातलेली ओळच भरून काढू शकते.

सप्टेंबर १७७० चे उदाहरण घ्या. त्या महिन्याच्या मध्यावर चीन-जपानमध्ये लोकांनी लाल आकाश पाहिले, आणि तिमोर बेटाजवळून चाललेल्या कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावरही त्याची नोंद झाली. आपल्या पंचांगाने ते दिवस शके १६९२ च्या भाद्रपद वद्य पक्षाच्या अखेरचे, म्हणजे पितृपक्षाचे येतात. श्राद्धासाठी नाशिकच्या रामकुंडावर गावोगावची माणसे येतात ते हेच दिवस. थोरले माधवराव पेशवे गादीवर होते, त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला राहत, त्र्यंबकेश्वराच्या देवळाचे काम चालू होते. नाशिक आणि पुण्यामध्ये पत्रे सतत जात-येत होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात हस्तलिखित पोथ्या आहेत. उपाध्यायांच्या वहीत आकाशाबद्दल काही सापडण्याची आशा मी कमीच धरतो, कारण ती वंशावळीसाठी लिहिलेली असते. खाजगी पत्रे, रोजकीर्दी आणि शकावल्यांकडून मात्र अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की जुने लोक शकुन-अपशकुन पाहत. त्यांच्या लिहिण्यावर विसंबायचे कसे? पण निनेव्हेच्या मृत्तिका-पाट्याही राजाला शकुन सांगण्यासाठीच लिहिल्या होत्या. त्यांतल्या इसवी सनपूर्व सातव्या शतकातल्या लाल आभेच्या तीन नोंदी आज सौरवादळाच्या अभ्यासात ग्राह्य धरल्या जातात, कारण त्याच सुमारास झाडांच्या वर्तुळांतही कार्बन-१४ वाढलेला दिसतो. फल चुकीचे सांगितले म्हणून पाहिलेले खोटे ठरत नाही. उलट बाजूचा मोहही टाळला पाहिजे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिग्दाहाचे प्रकरण आहे, सूर्यबिंबावरच्या तामसकीलकांचे वर्णन आहे. ते वाचून आपल्याला ऑरोरा आणि सौरडाग पूर्वीपासून ठाऊक होते असा डंका पिटणे मला मान्य नाही. त्यात लक्षणे आहेत, फळे आहेत. अमुक रात्री अमुक ठिकाणी दिसले असे नाही. तारीख असलेली एक साधी मोडी ओळ या कामी अख्ख्या प्रकरणाहून मोलाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लाल आकाश वणव्याने दिसते, धुळीने दिसते, संध्याप्रकाशाने दिसते. म्हणून प्रत्येक नोंदीला प्रश्न विचारावे लागतील: दिशा उत्तरेची होती का, रात्र किती झाली होती, उजेड किती वेळ टिकला, त्याच सुमारास दुसऱ्या देशातही कोणी काही पाहिले का. इथे आपल्या कालगणनेचा एक मोठा फायदा आहे. तिथी लिहिली की चंद्राची स्थितीही आपोआप लिहिली जाते. १८७२ ची ती रात्र पौष वद्य दशमी-एकादशीची होती. चंद्र उगवायला पहाट व्हायची होती, त्यामुळे संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या उजेडाचे खापर चांदण्यावर फोडता येत नाही. १७७० च्या त्या रात्रीही अमावास्येच्या तोंडावरच्या होत्या.

राहिला पाऊस. १७७० आणि १८५९, दोन्ही वादळे सप्टेंबरातली, आणि तेव्हा सह्याद्रीवर ढग असतात. त्यामुळे त्या तारखांना काही सापडले नाही तर सूर्य शांत होता असा निष्कर्ष काढता येणार नाही, आणि शोध वाया गेला असेही नाही. त्या दिवसांत पावसाचा उल्लेख मिळाला तर तोही टिपून ठेवावा लागेल. सुरुवात निरभ्र फेब्रुवारीपासून करणे शहाणपणाचे. १८७२ च्या त्या आठवड्याचे ज्ञानप्रकाश आणि इंदुप्रकाश या वृत्तपत्रांचे अंक आधी पाहावेत, मग शके १६९२ च्या भाद्रपद-आश्विनातले रुमाल सोडावेत. मोडी वाचणाऱ्यांच्या शेजारी पंचांग-गणित जाणणारा एक आणि अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची परंपरा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतला एक अभ्यासक बसला, तर हे काम एका विद्यापीठाच्या साध्या प्रकल्पातही मावेल. मोडी वाचक तयार करायचे वर्ग आज चालतात. त्यांच्या सरावाच्या कागदांत आकाशाच्या नोंदी वेगळ्या काढायची एक वही ठेवायला तर कसला खर्चही नाही.