क्रिया, प्रतिक्रिया आणि मिरचीचं पोतं

न्यूटनसाहेबांनी १६८७ साली गतीचे तीन नियम छापले. त्यातला पहिला आळशी माणसाला मनापासून पटतो, दुसऱ्यात गणित असल्यामुळे त्याच्या वाटेला कोणी जात नाही आणि तिसरा सभेत भाषण ठोकायला उपयोगी पडतो. पण भाषणवाल्यांना मी माफ करीन. माझं भांडण आहे ते शिकवणीवाल्यांशी आणि गाईडवाल्यांशी.

त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे टेबलावरचं पुस्तक. पुस्तकाचं वजन खाली, ही क्रिया. टेबलाचा रेटा वर, ही प्रतिक्रिया. दोन्ही समान, दिशा उलट, म्हणून पुस्तक जागच्या जागी. घ्या मार्क! अहो, पण हे साफ चूक आहे!

पुस्तक राहू द्या. आमच्या नंदुरबारात पुस्तकापेक्षा मिरचीला भाव जास्त, तेव्हा पथारीवर वाळलेल्या लाल मिरचीचं ५० किलोचं पोतं घेऊ. पृथ्वी त्याला सुमारे ४९० न्यूटन बळाने खाली ओढते, जमीन तेवढ्याच बळाने वर रेटते. कबूल. पण ही दोन्ही बळं एकट्या पोत्यावरच लागली ना? भांडणाला जशी दोन घरं लागतात, तशी तिसऱ्या नियमाला दोन वस्तू लागतात. पृथ्वी पोत्याला ओढते, तर पोतंही पृथ्वीला ४९० न्यूटनने वर ओढतं, ही एक जोडी. जमीन पोत्याला वर रेटते, तर पोतं जमिनीला खाली दाबतं, ही दुसरी. गाईडवाल्यांनी या जोडीतला एक आणि त्या जोडीतला एक उचलून परस्पर लग्न लावून दिलंय!

खोटं वाटत असेल तर हमालभाऊंना ते पोतं ट्रकमधून खाली टाकायला सांगा. पोतं हवेत असताना जमिनीचा रेटा शून्य, वजन मात्र कायम. म्हणून तर ते खाली येतं. आता क्रिया जिवंत आणि प्रतिक्रिया गायब, असं कधी होईल काय? किंवा तेच पोतं ३० अंश कललेल्या फळीवर ठेवा. फळीला काटकोनात मिळणारा रेटा वजनाच्या ८७ टक्केच भरतो. मग ते ‘समान’ कुठे गेलं?

माझ्या भाच्याने परीक्षेत पृथ्वी-पोत्याची जोडी लिहिली, तर त्यावर लाल फुली आली. “गाईडमध्ये असं नाही,” हे वर स्पष्टीकरण! पोरगं आता मुकाट्याने चुकीचं लिहितं आणि पूर्ण मार्क आणतं.

बरं, क्रिया-प्रतिक्रिया एकमेकींना खोडून टाकतात, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे सगळाच घोटाळा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. घोडा तांग्याला जेवढा ओढतो, तेवढाच तांगा घोड्याला मागे ओढतो. दोन्ही खोडून टाकले तर तांगा हलायचा कसा? खुद्द न्यूटननेही दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलंय. पण त्यातलं एक बळ दगडावर आहे, दुसरं घोड्यावर. घोडा टापांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते आणि तो रेटा मागच्या ओढीपेक्षा जास्त झाला की स्वारी निघते. घोड्याला हे कोणी शिकवलं नाही, आणि शिकवणी लावायला त्याच्या मालकाला अजून सुचलेलं नाही.