लग्नाचं शूटिंग आणि बाईचा होकार

होळी झाली, काठीची राजवाडी होळी पेटून विझली, गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं परतू लागली की आमच्या अक्कलकुवा तालुक्यात लग्नांचा मोसम सुरू होतो. मांडव, ढोल, त्याच्या जोडीला आता डीजे, आणि मागोमाग व्हिडिओवाला. पूर्वी त्याच्या खांद्यावर जड कॅमेरा असायचा आणि हातात डोळे दिपवणारा दिवा. तो दिवा तोंडावर आला की नवरी पापण्या मिटून घ्यायची. तीन तासांची कॅसेट निघायची. पंगती, आहेर, वऱ्हाडातल्या प्रत्येकाचं तोंड, मध्येच रडणारं पोर. पाहणाऱ्याला कंटाळा यायचा, पण जे घडलं ते बरंचसं तिच्यात असायचं.

आता ड्रोन उडतो आणि पाच-सात मिनिटांची 'फिल्म' तयार होते. फिल्ममध्ये लग्न थोडंच असतं, मुख्य असते ती 'लव्ह स्टोरी'. लग्न घरच्यांनी ठरवलेलं असलं तरी हीच गोष्ट. साखरपुड्यानंतर दोघांना तोरणमाळला न्यायचं, तलावाकाठी चालायला लावायचं. तो मागून येतो, ती वळून पाहते, ओढणी उडते, वर हिंदी गाणं. मग हळद, मग वरात, मग तिचा खाली झुकलेला चेहरा, आणि शेवटी दोघांची नावं. मोबाइलवर ही फिल्म गावभर फिरते. मुंबई-पुण्याकडे हेच जरा महाग कपड्यांत चालतं. नटनट्यांच्या परदेशातल्या लग्नांच्या फिल्म लोकांनी पाहिल्या, आणि तोच साचा सहा-सात वर्षांत तळोदा, मोलगीपर्यंत पोहोचला.

मला या फिल्मचा राग नाही, हे आधीच सांगते. आपल्या मुलींना नटावंसं वाटतं, कुणीतरी आपल्याकडे कौतुकाने पाहावं असं वाटतं, त्यात काही गैर नाही. ऊसतोडीच्या फडात पहाटे तीनला उठणाऱ्या मुलीने एक दिवस कॅमेऱ्यासमोर गिरकी घेतली तर आपण नाकं मुरडायची काय गरज? व्हिडिओवालेही बहुतेक इथलेच आदिवासी पोरगे. कर्ज काढून कॅमेरा घेतात, रात्र रात्र जागून एडिटिंग करतात. माझं भांडण आहे ते एका गोष्टीशी. यांना 'तिची आणि त्याची प्रेमकथा' म्हणतात, पण तिच्या तोंडून त्यात एक शब्द येत नाही. ओठ हलतात, आवाज गाण्याचा असतो. त्याने तिला कसं पाहिलं, कसं मिळवलं, एवढंच कळतं. तिने कधी, काय विचार करून 'हो' म्हटलं? 'नाही' म्हणायची सोय होती का? ते कुठेच नाही.

हे आमच्या सातपुड्यात घडावं याचं मला विशेष वाटतं. कारण इथे मुलीने आपला जोडीदार आपण निवडायचा ही काही शहरातून आलेली नवलाई नाही. भिल्ल समाजावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी, टी. बी. नाईकांनी 1956 सालच्या पुस्तकात आणि त्यांच्या आधी-नंतरही अनेकांनी, लग्नाचे जे प्रकार नोंदवले त्यांत मुलामुलीने पळून जाणं आहे, आणि मुलीने आपल्या मनाने मुलाच्या घरात जाऊन बसणं हेही आहे. बाजारात, होळीत, दुसऱ्याच्या लग्नात ओळख होते आणि दोघं निघून जातात. मग दोन्हीकडचे पंच बसतात, देज ठरते, आणि नातं मान्य होतं. विधी मागाहून, हातात पैसा आला की. भटजीवाचून काही अडत नाही.

ही खरी प्रेमकथा. तिच्यात धोका आहे, निर्णय आहे, रात्रीची वाट आहे. तिची फिल्म कुणी काढत नाही. काढणार कशी? पळून जाणारी मुलगी ड्रोनवाल्याला बोलावत नाही. फिल्म निघते ती सगळ्यांची संमती झाल्यावर, म्हणजे गोष्टीतला धोका संपल्यावर. मग त्या मिळालेल्या संमतीलाच प्रेमाचे कपडे चढवले जातात.

मात्र आपल्याकडच्या चालीरीतींचं गोडगुलाबी चित्र रंगवायचीही माझी तयारी नाही. निवड बाई करते आणि हिशोब पुरुष करतात. पंचांच्या बैठकीत देजेचा आकडा ठरताना मुलगी तिथे नसते, असली तरी बोलत नाही. पुढे नवऱ्याचा मार असह्य होऊन ती माहेरी आली किंवा दुसऱ्याकडे गेली, तर देज परत करण्याचा वाद उभा राहतो, आणि भाऊ-बाप तिला 'नांद बाई, पैसे कुठून आणू' म्हणून परत धाडतात. देज ही हुंड्याच्या उलट आहे म्हणून तिच्यात बाईचा मान आहे असं भाषणात म्हणायला बरं वाटतं. तो आकडा पायात बेडी होऊन पडतो तेव्हा तिला विचारा. हे सगळं, ती बैठक, तो आकडा, ते हातावर मोजलेले पैसे, फिल्ममधून कापलेलं असतं. जुन्या कंटाळवाण्या कॅसेटमध्ये निदान आहेराची आणि देण्याघेण्याची झलक सापडायची.

आणखी एक गोष्ट कापली जाते, तिची हळहळ मला फार आहे. आमच्याकडे लग्नात बायका गातात. भिलोरीत, पावरीत, देहवालीत. नवऱ्यामुलाला चिडवतात, व्याह्याची उणीदुणी काढतात, नवरीला सासरी काय वाढून ठेवलंय ते गाण्यातून सांगून टाकतात. बाईला चारचौघांत मोठ्याने बोलायची ती हक्काची जागा. शूटिंगमध्ये त्या गाताना दिसतात, पण मूळ आवाज बंद करून वर सिनेमाचं गाणं बसवलेलं असतं. म्हातारीचं तोंड हलतंय आणि आवाज मुंबईच्या गायिकेचा! हेच पोरगे आदिवासी गाण्यांचे अल्बम करून यूट्यूबवर टाकतात, लाखो लोक ते पाहतात. म्हणजे आपल्या भाषेची त्यांना लाज आहे असंही नाही. लग्नाच्या फिल्मचा साचाच बाहेरून आलाय आणि त्यात म्हातारीच्या आवाजाला खाचा नाही, इतकंच.

नवरीने बोलावं ही अपेक्षा फार मोठी आहे का? 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. जोतीराव फुल्यांनी त्या पद्धतीसाठी जी मंगलाष्टकं रचली त्यांत वर आणि वधू दोघं एकमेकांशी बोलतात. वधू बायकांच्या हक्काबद्दल बोलते, वराकडून वचन घेते. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता त्यांना नवरीचं तोंड उघडावंसं वाटलं. आपल्याकडे चार कॅमेरे आहेत आणि ती मुकी आहे.

इथे काही मैत्रिणी म्हणतील, अगं, नवरी बोलली काय आणि न बोलली काय, फिल्मने काय बिघडतं? बिघडतं. महिला मंडळात बसणाऱ्या आपल्याला ते चांगलं ठाऊक आहे, कारण लग्न मोडायला आलं की बाई आपल्याकडे येते आणि पहिला प्रश्न असतो, लग्न झाल्याचा पुरावा काय?

आदिवासी बाईपुढे हा प्रश्न जास्तच मोठा. 1955 चा हिंदू विवाह कायदा कलम 2(2) प्रमाणे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यांची लग्नं रूढीप्रमाणे मानली जातात. मग रूढी काय आणि ती पाळली गेली का, हे दाखवायची जबाबदारी बाईवर. 2001 साली सुर्जमणी स्टेला कुजूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक आदिवासी बाई नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध गेली. दुसरं लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी तिला सिद्ध करता आली नाही म्हणून ती हरली. बिगर-आदिवासी बायकांचंही फार वेगळं नाही. महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात 1965 साली नवरा दुसऱ्या लग्नाच्या आरोपातून सुटला. ते लग्न 'गांधर्व' पद्धतीचं होतं आणि त्यात आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही. अलीकडे, एप्रिल 2024 मध्ये, डॉली राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधी झाल्यावाचून नुसत्या प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही. आता त्या पाच मिनिटांच्या फिल्मकडे पाहा. तलाव आहे, ओढणी आहे, संथ चालीतली पावलं आहेत. सप्तपदी झाली की नाही ते नीट दिसत नाही, पंच कोण होते ते दिसत नाही, कुणी कुणाला काय दिलं ते तर नाहीच.

पोटगीसाठी इतका कडक पुरावा लागत नाही. जुनं कलम 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं, त्यात न्यायालयं बाईच्या बाजूने थोडी उदार असतात, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारखं नातंही धरलं जातं. तरी हातात काही असलं तर बाईची फरफट कमी होते. आणि ते 'काही' बहुधा सासरी असतं. शूटिंगचे पैसे कुणीही भरलेले असोत, पेनड्राइव्ह जातो नवऱ्याच्या कपाटात. मुलीकडे राहते मोबाइलवर आलेली छोटी फिल्म, आणि मोबाइल तिच्याकडून काढून घेतला की तीही जाते.

शूटिंगबद्दल तक्रार करणारे आपण एकटेच नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका तरुण सुनेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. तो प्रेमविवाह होता, आणि लग्नात सोनं आणि महागडी मोटार दिली गेली होती. त्या थाटाच्या लग्नाची चित्रं वाहिन्यांनी दिवसभर दाखवली. सासरच्यांवर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर काही ठिकाणी समाजाच्या बैठका होऊन लग्नाच्या आचारसंहिता निघाल्या. हुंडा नको, डीजे नको, प्री-वेडिंग शूटिंग नको. हुंडा नको हे ठीक. पण प्री-वेडिंग का नको? तर लग्नाआधी मुलगी मुलाच्या गळ्यात हात घालते ते समाजाला शोभत नाही म्हणून! म्हणजे मरण आलं हुंड्याने आणि बंदी आली मुलीच्या हातावर. ही आपली बाजू नव्हे. आपण यांच्या सुरात सूर मिसळता कामा नये.

तसंही ज्या प्रेमाला जातीची किंवा धर्माची भिंत ओलांडावी लागते त्याच्याशी हा समाज कसा वागतो ते उघड आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस लागते, दोघांची नावं-पत्ते कार्यालयात लावले जातात. एका जोडप्याची प्रेमकथा मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवतात. दुसऱ्या जोडप्याची नोटीस भाऊबंद वाचतात आणि दोघांना पळ काढावा लागतो. 2016 साली 'सैराट' पाहताना लोक गाण्यांवर नाचले आणि शेवटी गप्प होऊन बाहेर पडले, पण त्या गप्पपणाचं पुढे काय झालं?

एक अवघड बाब उरते, वयाची. आमच्या डोंगरातल्या लग्नांत नवरी अठराची नसते हे आपण पाहतो, आणि फिल्ममध्ये वय लिहीत नाहीत. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात असं लग्न लावणारा, त्याला मदत करणारा, त्यात भाग घेणारा असे सगळे येतात. पण नुसती पोलिसांची भीती घातली तर पोरगे शूटिंग चोरून करतील आणि सतरा वर्षांच्या मुलीसोबत पळालेला एकोणीस वर्षांचा मुलगा पॉक्सोखाली तुरुंगात जाईल. मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. निदान सुपारी घेताना व्हिडिओवाल्याने वयाचा दाखला मागावा, मंडपवाल्याने मागावा, एवढं तरी आपण त्यांच्याशी बोलू शकतो.

बोलायचं तर आणखीही आहे. शूटिंगचं सगळं चित्रण, न कापलेलं, मूळ आवाजासकट, मुलीच्या माहेरी द्यावं, आणि ते सुपारी ठरवतानाच कबूल करून घ्यावं. पंचांची बैठक आणि देण्याघेण्याचा भाग चित्रणात राहू द्यावा, फिल्ममध्ये नको असला तरी. कोर्टात संगणकीय पुराव्यासोबत 2023 च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल कुणी काढली त्याचं नाव-गाव लिहून ठेवावं. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायचं काम याच धांदलीत उरकून घ्यावं, कारण महिनाभराने कुणालाच वेळ नसतो. आणि नवरीने कॅमेऱ्यासमोर आपल्या भाषेत दोन मिनिटं बोलावं, सासू-नणंद भोवती नसताना, हळदीच्या आदल्या दिवशी आईच्या ओट्यावर. ती काय बोलेल ते आपण शिकवायचं नाही. एखादी म्हणेल, मला हा आवडला. एखादी म्हणेल, बापाने ठरवलं. एखादी काहीच बोलणार नाही, तेही राहू द्यावं.

दोन-तीन व्हिडिओवाल्यांशी मी बोलून पाहिलं. म्हातारीचा आवाज ठेवायला एकाची तयारी आहे, त्याला ते आवडलंच. पूर्ण चित्रण माहेरी द्यायला मात्र तिघेही कचरतात. म्हणतात, ताई, पैसे नवऱ्याचा बाप देतो, दुसरा पेनड्राइव्ह आम्ही कुणाच्या खात्यावर लिहायचा?