राज्याची शीव

नकाशावरील दोन देशांमधली तांबडी रेघ मुलांस इतकी स्वाभाविक वाटते की, नदी-डोंगरांप्रमाणे तीही सृष्टीबरोबरच उत्पन्न झाली असावी असा त्यांचा ग्रह होतो. वडील मंडळींची समजूत ह्याहून फार निराळी असते असे नाही. सबब ह्या खेपेस राज्य व त्याची सीमा ह्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. ह्यांत सीमा हे निराळे अंग नाही. जनपद म्हणजे भूमी आणि तीवर नांदणारे लोक, ही दोन्ही मिळून. अर्वाचीन शास्त्रकारांनी मात्र प्रदेश 'निश्चित' असावा असा आग्रह धरिला. १९३३ च्या माँटेव्हिडिओ येथील करारात राज्याच्या चार लक्षणांत तो नमूद आहे. पूर्वी दोन राज्यांमध्ये बहुधा अरण्याचा किंवा ओसाड माळाचा रुंद पट्टा असे. नेमकी शीव लागे ती गावास. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेवर वड, पिंपळ, पळस लावावे असे सांगून शिवाय कोळसे, हाडे, खापऱ्या, राख अशा वस्तू जमिनीत गुप्तपणे पुराव्या, असेही सांगितले आहे. झाड तोडता येते. पुरलेली खूण शेजाऱ्यास ठाऊक नसते. मनुष्यस्वभावाची ही पारख आजच्या मोजणीदारासही उपयोगी पडेल!

ही गावची शीव राज्याची सीमा झाली म्हणजे काय अनर्थ होतो, ह्याचे उदाहरण आपल्याच देशात, कूचबिहारच्या बाजूस, घडले. तेथील राजे व मोगल ह्यांच्यात अठराव्या शतकाच्या आरंभी तह झाला, तेव्हा एकाचे काही तुकडे दुसऱ्याच्या मुलखात तसेच राहिले. कूचबिहारच्या राजाने व रंगपूरच्या नबाबाने बुद्धिबळाच्या डावावर गावे पणास लाविली, अशी एक कथा सांगतात. ती चटकदार आहे, एवढाच तिचा गुण. ह्या तुकड्यांस बंगालीत छिटमहल म्हणतात. एकाच साम्राज्याच्या छत्राखाली त्यांची अडचण फारशी भासली नाही. परंतु १९४७ त रंगपूर पाकिस्तानात गेले, १९४९ त कूचबिहार हिंदुस्थानात आले, आणि शेताचे बांध एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाले. दहाला खागराबाडी नावाचे पावणेदोन एकरांच्या सुमाराचे एक शेत तर भारताचे असून बांगलादेशी तुकड्यात, तो तुकडा भारतीय छिटमहलात, आणि ते छिटमहल बांगलादेशात, असे होते.

आता तेथील रहिवाशाचा विचार करा. कागदोपत्री त्यास स्वामी होता. परंतु अमात्य त्याच्या दारी येत नसे, कोशातून त्याच्यासाठी पै खर्च होत नसे, आणि चोरी झाली तर दंडही धावून येत नसे. स्वदेशी जाण्यास पारपत्र हवे. ते काढण्यास स्वदेशीच्या शहरी जावे लागे. आणि वाटेवर परका देश! पलीकडच्या शाळेत मुलास घालावयाचे तर बापाच्या जागी दुसऱ्याचेच नाव लिहवून घेत. ज्यांनी उभ्या जन्मात शाळेची दाखलपत्रके भरली, त्यांस ह्या एका गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

उपाय सुचले नाहीत असे नाही. १९५८ त नेहरू व फिरोजखान नून ह्यांच्यात करार झाला. परंतु प्रदेश देण्यास घटनादुरुस्ती अवश्य आहे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० त दिले. पुढे १९७४ त इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान ह्यांनी करार केला. तो अमलात यावयास एकेचाळीस वर्षे लागली. २०१५ त शंभरावी घटनादुरुस्ती झाली व ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताची १११ छिटमहले बांगलादेशास व तिकडची ५१ भारतास मिळाली. आपण १७,१६० एकर दिले, ७,११० घेतले. दहा हजार एकर गेले म्हणून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. जेथे आपला तलाठी कधी पोहोचला नाही ती भूमी आपली कोणत्या अर्थाने होती, हे मात्र त्यांपैकी कोणी सांगितले नाही. सुमारे एक्कावन्न हजार माणसांस देश निवडण्याची मुभा होती. बांगलादेशातील छिटमहलांतून हजाराच्या आतच माणसे घरदार सोडून इकडे आली; इकडून तिकडे कोणीही गेले नाही. बाकीच्यांनी जमीन धरून ठेविली आणि देश बदलू दिला.

दहग्राम-अंगारपोता हे एक बांगलादेशी छिटमहल तेवढे ह्या अदलाबदलीत आले नाही. तेथील लोकांस मायदेशी जाण्यासाठी भारताने 'तीन बिघा' नावाची चिंचोळी पट्टी १९९२ त वापरावयास दिली. आरंभी ती वाट दिवसा ठराविक वेळीच उघडत असे. रात्री कोणास वेणा सुरू झाल्या तरी उजाडेपर्यंत थांबणे भाग होते. २०११ पासून ती अहोरात्र मोकळी आहे.