आडनावाचा रकाना

ऑक्टोबरात प्रथम सत्राचे पेपर तपासत स्टाफरूममध्ये बसले होते. शिपायाने येऊन सांगितलं, बाहेर एक खाला आल्यात, तुम्हालाच विचारतात. खाला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या अम्मी. मुलगा शारजात नोकरीला, सून त्याच्याजवळच आणि तिला डिसेंबरात बाळ होणार होतं. खालांनी बुरख्याच्या आतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ओतली. "टीचर, जरा देखो ना. व्हिसा नहीं होता बोल्ते. मेरे नाम में क्या खराबी है?"

नावात काही खराबी नव्हती. खराबी कागदांत होती. आधार कार्डावर त्यांच्या नावापुढे 'बेगम' आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. रेशन कार्डावर तेच नाव 'बी' जोडून. मुलाच्या पासपोर्टवर आईच्या रकान्यात 'बी'वालंच, पण स्पेलिंग तिसरंच. आणि त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर नुसतं एका शब्दाचं नाव, आडनावाचा रकाना कोराच.

हा कोरा रकानाच आडवा आला होता. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून नियम केला, की ज्याच्या पासपोर्टवर फक्त एकच शब्द नाव म्हणून आहे, त्याला टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. व्हिसा आधीच निघालेला असला तरी विमानतळावरून परत पाठवणार. तिथे राहण्याचा परवाना असलेल्यांना हा नियम लागू नव्हता. पुढे काही दिवसांनी खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. पण ती सवलत तिथे उतरल्यावर व्हिसा मिळणाऱ्यांपुरती. आपल्याकडच्या साध्या प्रवाशाला व्हिसा इथूनच काढून न्यावा लागतो. खालांच्या एजंटने अर्ज करायलाच नकार दिला, आणि खरं सांगायचं तर त्याने बरंच केलं. पैसे घेऊन अर्ज टाकणारेही असतात.

हे आपल्याच घरांत जास्त का होतं, याचा मी बराच विचार केला. पूर्वी हजला जायचं तर साध्या पासपोर्टची गरजच नव्हती. हजपुरता एक वेगळा पास मिळायचा, त्यावर आपली आजी, नानी जाऊन यायच्या आणि तो पास तिथेच संपायचा. २००९ च्या हजपासून सौदी सरकारने सगळ्यांना आंतरराष्ट्रीय पासपोर्ट मागितला. मग घरातल्या बायकांचे पासपोर्ट धडाधड निघू लागले. काढले कोणी? कोपऱ्यावरच्या नेट सेंटरवाल्या पोराने. फॉर्ममध्ये नावाचा रकाना वेगळा, आडनावाचा वेगळा, आणि आडनावाचा भरला नाही तरी फॉर्म पुढे सरकतो. पोर विचारतो, "सरनेम?" खाला म्हणतात, "बी लिख." पोराला 'बी' हे आडनाव वाटत नाही, तो रकाना सोडून पुढे जातो.

पुरुषांची गंमत वेगळी. मराठवाड्यात आपली नावं 'शेख अहमद शेख यूसुफ' अशी लिहायची रीत. शाळेत आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टला आडनाव वेगळ्या रकान्यात हवं. दोन-दोन 'शेख' पाहून भरणारा गोंधळतो. एका भावाच्या आडनावात 'शेख' जातं, दुसऱ्याच्या 'यूसुफ'. सख्खे भाऊ कागदावर दोन घराण्यांचे. आणि 'शेख'चं इंग्रजी तरी एक कुठे आहे? कुठे एआयकेएच, कुठे ईआयकेएच, कुठे शेवटचा एच गायब. सय्यदांची हीच रड, मोहम्मदांची तर विचारू नका.

मोहम्मदवरून माझीच गोष्ट सांगते, कारण ती या खालांच्या मुलाचीच आहे. शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव कुणीतरी 'मो.' असं लिहिलं होतं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना मी ते इंग्रजीत 'एमडी' केलं. तेव्हा नवीन होते, घाईत होते, शंभरावर फॉर्म होते. आपल्या नांदेडची, लातूरची आणि धाराशिवची दहावी लातूर विभागीय मंडळाकडे. मंडळाने फॉर्मवर जे होतं तेच प्रमाणपत्रावर छापलं. त्यावरून पासपोर्ट निघाला. शारजात सोबतचे त्याला हसत 'डॉक्टर' म्हणतात, इथवर ठीक होतं. पण बायकोला नेताना निकाहच्या कागदांवर पूर्ण 'मोहम्मद' आणि पासपोर्टवर 'एमडी'. लग्नाचा दाखला तिकडे चालण्यासाठी आधी आपल्या सरकारची, मग त्यांच्या वकिलातीची मोहोर लागते, आणि नाव जुळत नसेल तर गाडी पहिल्याच पायरीवर अडते. प्रतिज्ञापत्रं, दुरुस्त्या, खेटे यांत नव्या सुनेचे सात महिने सासरीच गेले. हे मला त्या दिवशी खालांकडून कळलं. त्यांना माहीत नव्हतं की तो फॉर्म मी भरला होता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाने दो टीचर, तब कौन देखता था." मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

असं झालं तर दुरुस्ती होत नाही असं नाही, पण मुलाने शाळा सोडली की रजिस्टराला सहज हात लावता येत नाही. लिहिण्यातली उघड चूक असेल तर पुराव्यासह शाळेमार्फत प्रस्ताव जातो, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दहावीच्या प्रमाणपत्राची दुरुस्ती शाळेमार्फत लातूरच्या मंडळाकडे. मूल शाळेत असेपर्यंत हेच काम अगदी सोपं असतं. म्हणून आठवी-नववीतच एकदा शाळेत जाऊन रजिस्टरातलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शिक्षक कुरकुर करतील, करू द्या.

जन्मतारखेचंही पाहा. जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी. त्याच माणसाच्या आधारवर नुसत्या सालावरून १ जानेवारी पडलेली असते. एकेकटी कुठलीही तारीख चालते, दोन एकत्र आल्या की नाही. लहान मुलांसाठी तर आता वाटच एक आहे: १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखला चालतो. दाखल्यावर बाळाचं नाव न घालता तो तसाच कपाटात ठेवायची आपली सवय आता सोडायला हवी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहितात. आईचं नाव आता तिथे आहे म्हटल्यावर ते 'बी' की 'बेगम', हे आधी घरात ठरवून घ्या.

खालांचं काम कसं झालं तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं पासपोर्टवर पेनाने आडनाव घालून देतात. तसं नसतं; नवा पासपोर्टच काढावा लागतो. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २,०००. पण त्याआधी आधार सरळ करावं लागलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे तिथे घाई केली नाही. मुलाला फोन लावून त्याच्या पासपोर्टवरचं 'शेख'चं स्पेलिंग अक्षर-अक्षर लिहून घेतलं आणि तेच वापरलं. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, पासपोर्टची अपॉइंटमेंट. एवढं बरं, की नांदेडला आणि लातूरला पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे, नाही तर यासाठी नागपूर-पुण्याच्या वाऱ्या ठरलेल्या. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आला तेव्हा खाला गावी मयतीला गेल्या होत्या, त्यात आणखी दिवस गेले. डिसेंबर उलटला. बाळ झालं, मुलगी. खालांनी तिला पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं. नवा पासपोर्ट हाती आला तेव्हा सुनेचे चाळीस दिवस होत आले होते. "चिल्ला हो गया टीचर, अब क्या मेहमान बनके जाऊं?" म्हणाल्या, पण फेब्रुवारीत हैदराबादहून गेल्या.

नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांबद्दल एक गोष्ट राहिली. पासपोर्टवर ईसीआर असेल तर आखातातले सगळे देश धरून एकूण १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. उमरा किंवा भेटीला जाताना ती लागत नाही. दहावी पास असलेल्याला ईसीआर लागतच नाही, पण त्यासाठी फॉर्मसोबत दहावीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि आपली पोरं काय करतात? प्रमाणपत्रावर नाव वेगळं आहे, अडचण नको म्हणून ते जोडतच नाहीत. माझ्या लातूरच्या माहेरचा एक भाचा असाच. दहावी पास, पासपोर्ट ईसीआर. एजंट म्हणाला, मंजुरीच्या भानगडीत पडू नकोस, व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कंपनी बदलून देईल. माझ्या भावाने मला विचारलं म्हणून बरं. मंजुरी ही भानगड नाही, मुलाची ढाल आहे. ती घेताना पगार लिहिलेला करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा निघतो, दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याजवळ यातलं काहीच नसतं. मालकाने पगार बुडवला तर दाखवायला कागद नाही, उलट हाच बेकायदेशीर ठरतो. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याचा परवाना खरा की खोटा हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसतं. भाच्याचा एजंट तिथे नव्हता. भाचा सध्या घरीच आहे, माझ्यावर रागावलेला. दहावीच्या नावाची दुरुस्ती टाकली आहे.

उमऱ्याला जाणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने पुढे आहे ना ते पाहावं, आणि मेंदूज्वराची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घेऊन तिचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं. तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच. लाडाचं, 'बाजी'वालं नाव नको. घरातून चौघी एकत्र निघणार असतील तर चारही पासपोर्ट एका रांगेत मांडून आडनावाचा रकाना एकदा वाचून घ्या. तिकीट काढायच्या आधी.

गेल्या आठवड्यात शारजाहून फोन आला. मुलीचा पासपोर्ट दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून काढायचा आहे. "टीचर, वडिलांच्या रकान्यात एमडीच लिहू ना?" मी म्हटलं, तुझ्या पासपोर्टवर आज जे आहे तेच. तुझी दुरुस्ती आधी करायची असेल तर मुलीचा फॉर्म थांबव, दोन्ही एकाच वेळी टाकू नकोस. तो म्हणाला, विचार करतो, अम्मी इथेच आहे, तिच्याशी बोलून सांगतो.