‘बाथरूममध्ये घसरले’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका

नवरा शेजारी उभा. बाई सांगते, ‘बाथरूममध्ये घसरले.’ दोन्ही दंडांवर बोटांचे वळ. फरशी कधी दंड आवळते का? तरी आम्ही डॉक्टर टाके घालतो, केस पेपरवर ‘पडून इजा’ लिहितो आणि पुढचा पेशंट घेतो.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे नियम काय सांगतात? तक्रार नाही म्हणून अधिसूचित रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल झाला नसेल, तर रुग्णालयप्रमुखाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000-01 पासून ‘दिलासा’ केंद्र आहे. संशय आला की नर्स बाईला तिथल्याच समुपदेशकाकडे नेते.

आपल्या नगरला स्नेहालय 1989 पासून आहे, 181 हेल्पलाइन आहे. नाही ती एकमेकांना जोडणारी माणसं. दवाखाना म्हणतो पोलिसांत जा, पोलीस म्हणतात घरचं भांडण, गावात बैठक बसते आणि ‘समेट’ होतो. महिन्याने तीच बाई हात मोडून येते. हा कसला समेट?

कलम 4 प्रमाणे शेजारी, आशाताई, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मात्र आधी तिला विचारा, एकटीला. मी नवऱ्याला गोळ्या आणायला मेडिकलमध्ये पाठवतो आणि दार लावून विचारतो, ‘ताई, कुणी मारलं?’