आधी काठी, मग रोप



गच्चीत किंवा गॅलरीत कुंडीतला टोमॅटो लावावा की नाही, यावर आपल्या बायकांत दर वर्षी चर्चा होते. एक बाजू म्हणते, "कुंडी आली की किडे आले, किडे आले की हिंसा आली. त्यापेक्षा बाजारातून आणावा." दुसरी बाजू म्हणते, "घरचं झाड वाचवायला फवारलं तर ती विरोधी हिंसा. गृहस्थाला तेवढी सूट आहे." मला दोन्ही पटत नाहीत. माझं मत असं, की टोमॅटो जरूर लावा, पण फवाऱ्याच्या भरवशावर नव्हे, काठीच्या भरवशावर. झाड शेवटपर्यंत उभं ठेवायची तयारी नसेल तर मात्र लावू नका.

आधी बाजाराचं बोलू. बाजारातल्या टोमॅटोवर औषध आपण मारलेलं नसतं, म्हणून ते आपल्या खात्यावर दिसत नाही. मी कॉमर्सची पदवीधर. वहीत नोंद केली नाही म्हणून खर्च झालाच नाही, असं मला कोणी पटवू शकत नाही. यात शेतकऱ्याला नावं ठेवू नयेत. त्याचं पोट त्यावर आहे, त्याची ती उद्योगी हिंसा. पण गिऱ्हाईक आपण असतो, एवढं लक्षात ठेवावं.

आता विरोधी हिंसेचं. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी हे चार प्रकार आपण पाठशाळेपासून ऐकत आलो. कुटुंबावर, धर्मावर, देशावर कोणी चालून आलं तर बचाव करताना नाइलाजाने घडते ती विरोधी. पानाखाली बसलेली पांढरी माशी आपल्यावर चालून आलेली नाही. झाड आपण हौसेने आणलं, ती तिच्या आहाराला आली. तिला मारायचं ठरवून बाटली भरली, तर त्याला विरोधी म्हणणं ही आपल्या मनाची समजूत आहे. कडुनिंबाचं तेल नैसर्गिक असलं तरी कीड आवरण्यासाठीच मारतात. पिवळे चिकट सापळे तर माझ्याने बघवत नाहीत.

मग उरतो यत्नाचार. माती हलवली, पाणी घातलं, यात आरंभी हिंसा आहेच, ती नाकारून चालणार नाही. पण आधीपासून जपून वागलं तर मारायची वेळच कमी येते. टोमॅटोच्या बाबतीत हे जपणं म्हणजे मुख्यतः त्याला दिलेला आधार. जमिनीवर लोळणाऱ्या झाडाची पानं ओली राहतात, वारा खेळत नाही, करपा येतो, फळ मातीला टेकून सडतं आणि सडलेल्या जागी जीव होतात. तेच झाड उभं बांधलं की पानं लवकर वाळतात, आत उजेड जातो, आणि अळी किंवा अंडी आपल्या डोळ्यांना वेळेवर दिसतात. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत भागातले शेतकरी बांबू, तार आणि सुतळीने टोमॅटोची बांधणी करतात, ती उगाच नाही.

रोप घेताना जात विचारून घ्या. झुडपी जात तीन-चार फुटांवर थांबते. दुसरी वेलीसारखी वाढतच राहते, सहा फुटांच्या वरही जाते. कुंडीत कमी जागेत जास्त दिवस फळ देते ती हीच, पण आधार हिलाच जास्त लागतो. बाजारात मिळणारे तारेचे गोल पिंजरे झुडपी जातीला पुरतात. उंच जात ते घेऊन आडवी होते.

लावायची वेळही आपल्या धर्माला धरूनच आहे. पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त, झाडाला रोगही जास्त आणि गच्चीवर वारंही जोराचं. पाऊस सरला की लावावं. ज्यांचा नियम आहे त्यांनी चातुर्मास संपल्यावर लावलं तरी हिवाळ्यात छान फळं येतात. उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळू लागतात, तेव्हा फार उशीर नको.

कुंडी किमान पंधरा-सोळा इंच रुंद आणि तेवढीच खोल घ्या. एका कुंडीत एकच झाड. माती, पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं शेणखत, थोडं कोकोपीट. ऊन रोज सहा तास तरी हवं. रोप लावताना खालची पानं काढून खोड थोडं खोल पुरावं, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

आणि रोपाआधी काठी. झाड गुडघ्याएवढं झाल्यावर काठी खुपसली तर ती मुळांतून जाते. शिवाय कुंडीतली माती भुसभुशीत, एकटा बांबू त्यात उभा राहत नाही. म्हणून सहा-सात फुटी तीन बांबू कुंडीच्या कडेला रोवून वर एकत्र बांधा, आणि ते टोक गच्चीच्या कठड्याला किंवा खिडकीच्या ग्रीलला अडकवा. फळांनी लगडलेलं झाड आणि वारं यांच्यापुढे कुंडीसुद्धा कलंडते, खाली कोणाच्या डोक्यावर पडायला नको. गॅलरीला वर हूक असेल तर त्याहून सोपं. वरून सुतळी सोडा, खाली खोडाला सैल गाठ मारा आणि शेंडा वाढेल तसा सुतळीभोवती हलकेच फिरवत न्या.

बांधायला तार किंवा नायलॉनची दोरी नको, ती खोडात रुतते. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा घ्यायचा, म्हणजे एक फासा काठीला, एक खोडाला, मध्ये तिढा. खोडाकडचा फासा सैल, करंगळी जाईल एवढा. दर वीतभर वाढीला एक पट्टी. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी बगलफूट निघते ती बोटाएवढी असतानाच खुडा आणि एक किंवा दोनच मुख्य फांद्या ठेवा. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानंही हळूहळू काढून टाका. हे सगळं दिवसाउजेडी, पान उलटून, जीव पाहून. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये.

पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बदाबदा असं केलं की फळाचं बूड काळं पडतं. अशा वेळी व्हिडिओत बोनमील घाला म्हणून सांगतात. मैत्रिणींनो, बोनमील म्हणजे हाडांची पूड. खताच्या पिशवीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय घेऊ नका. कुंडीत हा त्रास बहुतेक वेळा पाणी कमीजास्त झाल्याने होतो, रोज नेमाने पाणी मिळालं की पुढची फळं चांगली येतात. फुलं आली की ऊन चढताना सुतळीला हलकी टिचकी मारा. परागकण पडायला तेवढं पुरतं.

पांढऱ्या माशीमुळे पानं मुरडायचा रोग पसरतो, म्हणून रोप लहान असताना पहिले तीन-चार आठवडे मच्छरदाणीचं कापड घाला. ती आत आलीच नाही तर मारायचा प्रश्नच नाही. फळ पोखरणारी अळी दिसली तर त्या फळासकट दूर झाडीत ठेवून यावी. तरी चार-दोन फळं जातील. ती बुडीत खाती टाकावीत. व्यापारी माणूसही बुडीत धरूनच धंदा करतो, मग आपण तर घरासाठी लावतो.

पैसे वाचतील म्हणून मात्र लावू नका. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा घराघरांत कुंड्या आल्या. पुढे भाव उतरला आणि कुंड्या कोपऱ्यात गेल्या. माती, कुंडी, बांबू धरले तर दोन झाडांत फारसं काही सुटत नाही. मिळतं ते असं, की कांदा-लसणाशिवायच्या आपल्या रश्श्याला जो दाटपणा टोमॅटो देतो, तो कुठून आला हे आपल्याला ठाऊक असतं. ज्यांनी बहुबीज म्हणून टोमॅटो सोडला आहे त्यांच्या नियमाला माझा नमस्कार. त्यांनी याच पद्धतीने दोडका किंवा वाल चढवावा.

आपल्या लेकी-सुनांना "हे चालतं, ते चालत नाही" एवढंच सांगितलं तर त्या ऐकून घेतात आणि सोडून देतात. एक झाड त्यांच्याबरोबर बांधलं, पान उलटून दाखवलं, औषध का नको ते तिथेच सांगितलं, तर यत्नाचार म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. यंदा दोनच कुंड्या करा. आणि रोप आणायला निघण्याआधी बांबू घरात आलेत ना, तेवढं बघा.