कॅनडाच्या नागरिकत्वाचा हलता उंबरठा

परदेशातून आलेल्या माणसाने किती काळ देशात काढला म्हणजे त्याला आपला मानायचे, या प्रश्नाला कॅनडाने आजवर वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. १९४७ च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यात ही मुदत पाच वर्षांची होती. १९७७ मध्ये ती चारपैकी तीन वर्षांवर आली. स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने २०१४ मध्ये कायदा बदलला आणि ११ जून २०१५ पासून सहापैकी चार वर्षांची अट लागू झाली. जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल सरकारने ११ ऑक्टोबर २०१७ पासून ती पाचपैकी तीन वर्षांवर, म्हणजे १,०९५ दिवसांवर आणली.

वरवर पाहता हा वाद एका वर्षाचा वाटतो. वास्तविक खरा प्रश्न आहे तो कोणता दिवस मोजायचा आणि कोणता नाही, हा. १९७७ च्या कायद्यात ‘वास्तव्य’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. त्यामुळे शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या एका अर्जदाराचे बिऱ्हाड कॅनडातच आहे, असे संघीय न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केले. तर १९९३ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी प्रत्यक्ष हजेरीचाच आग्रह धरला. निकाल कायद्यापेक्षा न्यायमूर्तींवर अवलंबून राहू लागला.

हार्पर सरकारने ही संदिग्धता संपवली, हे मान्य करावे लागेल. २००६ च्या लेबनॉन युद्धातून हजारो कॅनेडियन नागरिकांना सरकारी खर्चाने बाहेर काढावे लागले, तेव्हापासून ‘सोयीपुरते नागरिक’ हा तेथे टीकेचा विषय बनला होता. नव्या कायद्याने १,४६० दिवसांच्या प्रत्यक्ष हजेरीबरोबरच चार वर्षांत दरवर्षी किमान १८३ दिवस देशात राहण्याची अटही घातली.

परंतु याच कायद्याने एक जुनी सवलत काढून घेतली. कायम वास्तव्याचा परवाना मिळण्यापूर्वी कॅनडात काढलेला प्रत्येक दिवस तोवर अर्धा धरला जाई. दोन वर्षे शिकून आणि एक वर्ष नोकरी करून परवाना मिळवलेला विद्यार्थी त्यामुळे एकूण पाच वर्षांत अर्ज करू शकत होता. २०१५ नंतर त्यालाच सात वर्षे लागू लागली. या काळात तो कर भरत होता, भाडे देत होता. केवळ त्याचे दिवस हिशेबात नव्हते. २०१७ च्या दुरुस्तीने ही सवलत, कमाल ३६५ दिवसांच्या मर्यादेत, पुन्हा दिली.

या बदलांतील सर्वांत मोठा अन्याय मात्र फारसा चर्चिला गेला नाही. ११ जून २०१५ पूर्वी दाखल झालेल्या अर्जांना जुना नियम लावला गेला. पण ज्यांचे दिवस भरत आले होते, त्यांना कोणतेही संरक्षण नव्हते. जुलै २०१२ मध्ये परवाना घेऊन आलेल्या व्यक्तीला जुलै २०१५ मध्ये अर्ज करता आला असता. काही आठवड्यांच्या फरकाने तिची प्रतीक्षा वर्षभराने लांबली.

भारतीयांसाठी हा हिशेब अधिक नाजूक आहे. परदेशी नागरिकत्व स्वीकारताच १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ‘ओसीआय’ कार्डामुळे येण्याजाण्याची सोय होते, मताधिकार मिळत नाही. वृद्ध आईवडिलांसाठी भारतात काढलेले महिने तिकडच्या गणतीतून वजा होतात. असा निर्णय कुटुंबे वर्षानुवर्षे आखतात, आणि मध्येच नियम बदलला की ती आखणी कोलमडते.

हे कॅनडापुरते मर्यादित नाही. जर्मनीने जून २०२४ मध्ये आठ वर्षांची अट पाचवर आणली, विशेष कामगिरीसाठी तीन वर्षांचा मार्गही खुला केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मार्ग बंद झाला. किती वर्षांची अट घालायची, हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे. मात्र ज्यांनी जुन्या नियमावर विसंबून दिवस मोजायला सुरुवात केली, त्यांना तोच नियम लावणे ही किमान न्यायाची अपेक्षा होय. नव्या नागरिकाकडून निष्ठेची शपथ घेणाऱ्या राष्ट्राने आधी स्वतःचा शब्द पाळायला हवा.